टपालानें मागविलेलें पान

आफ्रिकन व्हायोलेट हें टांझानियांतील उसांबारा डोंगरांतलें फुलझाड. त्यास १८९३ सालीं शास्त्रीय नांव मिळालें. मोबाईलवर चित्र पाहून त्याचें रोप अथवा पान टपालानें मागविणाऱ्या शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

उसाच्या कांडींत जसा मूळ जातीचा गुण उतरतो, तसाच याच्या देंठासह खुडलेल्या पानांतही उतरतो. म्हणून रोपापेक्षां पान मागविणें स्वस्त पडतें. परंतु ज्यांच्या पाकळ्यांवर मध्यापासून टोंकापर्यंत रंगीत पट्टा असतो, त्या जाती दोन भिन्न गुणांच्या पेशींनीं बनलेल्या असतात. त्यांच्या पानापासून तो पट्टा सहसा उतरत नाहीं. त्यांचा फुटवा अथवा तयार रोपच घ्यावें. प्रस्तुत लेखकानें अशा जातीचें पान घेऊन वर्षभर जपलें, तों फूल आलें एकरंगी!

चैत्र-वैशाखांत सांगलीकडील उन्हानें पुडक्यांतच पान नासतें; कार्तिक-मार्गशीर्षांत मागवावें. पान पोंचतांच देंठ तिरपा कापून भुसभुशीत, ओलसर मातींत बोटाच्या पेराएवढा रोवावा व कुंडी सावलींत ठेवावी.

पैसे धाडण्यापूर्वीं जातीचें नांव व पट्ट्याचा खुलासा लेखी मागून घ्यावा. सात-बारा पाहिल्याविना जमीन कोण घेतो?