विंडोज संगणकावर ‘लिक्स’ची स्थापना : लेखन, जुळणी आणि जतन

गोमंतकात मुद्रणकला आली ती इ. स. १५५६ मध्ये, भारतातील पहिला छापखाना तो हाच. तथापि या छापखान्यांपाशी नागरी लिपीचे खिळे नव्हते. त्यामुळे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये रायतूर येथे मुद्रित झाले ते रोमी लिपीत. भाषा मराठी, छंद मराठी, परंतु अक्षरांचा वेष परका, असा हा योग होता. लेखनाचे साधन आपल्या अक्षरांना अनुकूल नसले म्हणजे ग्रंथकर्त्याला केवढी तडजोड करावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आज नागरी अक्षरे प्रत्येक संगणकात आहेत. असे असूनही गावाचा इतिहास, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह, शाळेचा शतसांवत्सरिक ग्रंथ अशी कितीतरी हस्तलिखिते अक्षरजुळणीच्या खर्चापायी कपाटात पडून राहतात. ज्यांची जुळणी झाली, त्यांपैकी अनेकांची दुसरीच अडचण आहे. विशिष्ट फॉन्टमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी टंकलिखित केलेला मजकूर आज उघडला असता अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. कागद वाळवीने खाल्ला तर ते डोळ्यांना दिसते. संगणकातील मजकूर निकामी झाला तर तो उघडेपर्यंत कळतही नाही. या दोन्ही अडचणींवर उपयुक्त ठरणाऱ्या ‘लिक्स’ या विनामूल्य आज्ञावलीचा परिचय करून देणे, हा या पाठाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या प्रयत्नांतून आकारास आली. तिचा पहिला व्यावहारिक उपयोग गणिताकरिता नव्हे, तर कचेरीतील लेखनाकरिता झाला. १९७१ मध्ये त्याच संस्थेच्या एकस्व विभागातील टंकलेखक आपले अर्ज तिच्यावर तयार करू लागले. लेखकाने साधा मजकूर लिहावा, मथळा कोणता व परिच्छेद कोणता एवढ्याच खुणा कराव्यात आणि पानाची मांडणी दुसऱ्या आज्ञावलीवर सोपवावी, अशी ती पद्धत होती. लेखकाचे काम लेखकाने आणि जुळाऱ्याचे काम जुळाऱ्याने करावे, हाच तिचा आशय.

याच विचाराला डोनाल्ड नुथ या गणितज्ञाने पूर्णत्व दिले. १९७७ मध्ये आपल्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते इतके असमाधानी झाले, की त्यांनी अक्षरजुळणीची ‘टेक’ ही स्वतंत्र आज्ञावलीच रचली. ती एकेका ओळीपुरता विचार करीत नाही. संपूर्ण परिच्छेद नजरेसमोर ठेवून ओळी कोठे तोडाव्यात हे ठरविते. त्यामुळे शब्दांतील अंतर सम राहते. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ ही सुलभ रचना उभारली. तरीही खुणांची भाषा शिकावी लागतच होती. ती अडचण दूर करण्यासाठी माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९५ मध्ये ‘लिक्स’ लिहिण्यास प्रारंभ केला. खुणा पडद्याआड ठेवून लेखकाला नेहमीच्या खिडकीत लिहू देणारी ही आज्ञावली मूळची युनिक्सची असली, तरी आता ती विंडोजवरही चालते.

प्रत्यक्ष स्थापना

लिक्स ही लेखनाची मेज आहे. जुळणीचे काम टेक करते. यास्तव दोन्ही संगणकावर बसविणे आवश्यक असून त्यांचा क्रम पाळणे हितावह होय.

१. प्रथम ‘मिकटेक’ हा विंडोजसाठी तयार केलेला टेकचा संच त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. स्थापना करताना कागदाचा आकार ए-४ ठेवावा. न्यून घटक आपोआप मागवावेत काय, असा प्रश्न येतो. त्यास ‘ऑलवेज’ असे उत्तर द्यावे. मिकटेक प्रारंभी मोजकेच घटक बसविते आणि उरलेले गरजेनुसार इंटरनेटवरून आणते. म्हणून पहिले काही दिवस संगणक इंटरनेटला जोडलेला असावा.

२. स्थापनेनंतर ‘मिकटेक कन्सोल’ उघडून अद्ययावत घटकांची तपासणी करावी व असल्यास ते बसवावेत. ही पायरी वगळल्यास पुढे नवे व जुने घटक परस्परांशी जुळत नाहीत आणि कारण लवकर ध्यानात येत नाही.

३. त्यानंतर लिक्सची विंडोज आवृत्ती तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी व बसवावी. पहिल्या वेळी उघडताना ती संगणकातील टेकचा शोध घेते. यास काही मिनिटे लागू शकतात; तोवर खिडकी बंद करू नये. टेक सापडले नाही, किंवा नंतर नवा घटक बसविला, तर ‘टूल्स’ या यादीतील ‘रिकन्फिगर’ निवडावे आणि लिक्स बंद करून पुन्हा उघडावे.

४. फाइली ठेवण्यासाठी स्वतंत्र फोल्डर करावा. त्याचे व फाइलींचे नाव साध्या रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवावे. नावात मोकळी जागा किंवा नागरी अक्षरे असली, तर जुळणीच्या वेळी अडथळा येण्याचा संभव असतो.

नागरी लिपीची व्यवस्था

विंडोजच्या भाषाविषयक सेटिंग्जमध्ये मराठी जोडली म्हणजे इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो. विंडोजची कळ व स्पेसची पट्टी एकत्र दाबून एका कळफलकावरून दुसऱ्यावर जाता येते. येथे टंकलिखित होणारा मजकूर युनिकोडचा असतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा ठराविक क्रमांक आहे. फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. जुन्या खासगी फॉन्टमधील मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मूळ प्रतीशी ताडून मगच लिक्समध्ये घ्यावा.

यानंतर नागरी टंक निवडावा. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत तयार झालेला ‘शोभिका’ हा टंक विनामूल्य असून ग्रंथकार्यास विशेष अनुकूल आहे. तो विंडोजमध्ये बसविल्यावर लिक्सच्या ‘डॉक्युमेंट’ यादीतील ‘सेटिंग्ज’ उघडावे आणि तीन गोष्टी कराव्यात. भाषा म्हणून मराठी निवडावी. फॉन्टच्या पानावर ‘यूज नॉन-टेक फॉन्ट्स’ या चौकटीत खूण करून मुख्य टंक शोभिका ठेवावा. निर्गमनाचा प्रकार ‘पीडीएफ (झीटेक)’ असा ठरवावा. यांपैकी एकही गोष्ट राहिली, तर जोडाक्षरे फुटण्याचा, वेलांटी भलत्याच जागी जाण्याचा किंवा पान कोरे येण्याचा संभव असतो. ‘झीटेक’ ही टेकची युनिकोड जाणणारी शाखा जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. नागरीचा मार्ग मोकळा झाला तो तिच्यामुळे. ओळीच्या अखेरीस मराठी शब्द कोठे तोडावा याचे नियमही टेकच्या संचात समाविष्ट आहेत.

लेखनाची नवी शिस्त

पहिल्याच दिवशी नवशिक्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. लिक्समध्ये स्पेसची पट्टी दोनदा दाबली तरी जागा एकच सुटते, आणि ‘एंटर’ वारंवार दाबूनही रिकाम्या ओळी येत नाहीत. हा बिघाड नव्हे. शब्दांतील व परिच्छेदांतील अंतर किती असावे, हे जुळाऱ्याचे काम आहे. त्यात लेखकाने हात घालू नये, असा हा संकेत होय.

मथळा अक्षर मोठे व ठळक करून तयार करावयाचा नसतो. वरच्या डाव्या बाजूच्या यादीतून ‘हा प्रकरणाचा मथळा’, ‘हा पोटमथळा’, ‘हे अवतरण’ असे सांगावयाचे असते. एवढे केले की प्रकरणांचे क्रमांक, अनुक्रमणिका व पृष्ठांक आपोआप तयार होतात. दीडशे पानांच्या ग्रंथात मध्येच एक प्रकरण घातले, तरी पुढचे सर्व क्रमांक बदलतात. ज्यांनी अनुक्रमणिकेतील पृष्ठांक हाताने दोन-तीनदा दुरुस्त केले आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

प्रारंभी चार पानांचाच मजकूर घ्यावा. त्यात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’, ‘ट्र’, ‘द्ध’, ‘ह्म’ अशी जोडाक्षरे असलेले शब्द मुद्दाम घालावेत, पीडीएफ काढावी आणि कागदावर छापून मुद्रित तपासावे. ते निर्दोष आले म्हणजे मोठे काम निःशंक हाती घ्यावे.

मर्यादा आणि जतन

प्रत्येक कामाला लिक्स योग्य आहे असे नाही. एका पानाची सूचना, ठराविक नमुन्यातील तक्ता, किंवा अनेक कचेऱ्यांतून दुरुस्त होत फिरणारा मसुदा यांसाठी नेहमीची शब्दसंस्करण आज्ञावलीच सोयीची. चित्रे हवी तशी मांडून सजविलेले पत्रकही येथे सहज साधत नाही. ग्रंथ, अहवाल, पाठ्यपुस्तिका, शब्दसंग्रह यांसारखे दीर्घ व टिकाऊ लेखन हे लिक्सचे खरे क्षेत्र.

टिकाऊपणाचे कारण साधे आहे. लिक्सची फाइल ही मुळात साध्या अक्षरांची फाइल असते. ती विंडोजच्या ‘नोटपॅड’मध्ये उघडली, तरी खुणांच्या दाटीत मराठी मजकूर वाचता येतो. उद्या ही आज्ञावली कोणी वापरेनासे झाले, तरी लिहिलेले शब्द तिच्याबरोबर नाहीसे होणार नाहीत. मात्र फाइल वाचनीय असणे आणि ती सुरक्षित असणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणून मूळ फाइल व पीडीएफ अशा दोन्ही प्रती निरनिराळ्या दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि एक छापील प्रत गावाच्या वाचनालयात द्यावी.

वृद्धांच्या तोंडच्या ओव्या, जुन्या दप्तरातील नोंदी, बोलीतील शब्द यांचा संग्रह करणारे शिक्षक व ग्रामस्थ पुष्कळ ठिकाणी आहेत. ओव्या सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. साधनाची वाट पाहत बसण्याइतका अवकाश त्यांच्यापाशी नाही. साधन विनामूल्य आहे आणि अक्षरे आपली आहेत. शाळांनी, वाचनालयांनी व ग्रामपंचायतींनी आपल्या संग्रहातील निदान एक हस्तलिखित या वर्षी निवडावे आणि या रीतीने त्याचे ग्रंथरूप सिद्ध करावे.