परवान्याची गाडी

रॅली म्हणजे मोटारींची शर्यत. पण ती मैदानात होत नाही. कच्चे रस्ते, जंगल, बर्फ यांतून गाड्या एकेक करून सोडतात. वेळ कमी लागला तो जिंकला. गाडीत दोन माणसं असतात. एक हाकतो. दुसरा मांडीवर वही घेऊन पुढचं वळण मोठ्यानं वाचतो. हाकणाऱ्याला वळण दिसत नसतं, तो वाचणाऱ्यावर भरवसा ठेवून गाडी सोडतो. वाचण्याचं काम केवढं मोलाचं, बघा!

आता एका गाडीची हकीकत ऐका. १९६६ साली सोव्हिएत रशियाने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला. फियाट १२४ ही गाडी आपल्या देशात बनवण्याचा परवाना घेतला. परवाना म्हणजे काय? एका सुताराने दुसऱ्या सुताराच्या तिफणीचं माप पैसे देऊन घ्यावं, तसंच हे. व्होल्गा नदीकाठी तोल्यात्ती गावी कारखाना झाला. १९७० साली पहिली गाडी निघाली. परदेशात तिचं नाव लाडा.

पण काळ्या रानातली तिफण मुरमाड रानात जशीच्या तशी चालते का? इटलीचे रस्ते चांगले. रशियात खड्डे, चिखल, कडाक्याची थंडी. चाचणीत इटलीच्या गाड्या टिकेनात. मग पत्रा जाड केला. गाडी जमिनीपासून उंच केली. मागच्या चाकांचे चकतीचे ब्रेक चिखलवाळूनं झिजत, तिथे ड्रमचे ब्रेक बसवले. बॅटरी बसली तर इंजिन हातानं फिरवायला हँडलही दिलं.

लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. तिथल्या विल्नियस शहरी स्तासिस ब्रुंद्झा हा नामांकित रॅलीपटू. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या कारखान्यानं लाडापासून शर्यतीची गाडी घडवली. तिचं नाव लाडा व्हीएफटीएस. नेहमीच्या सोळाशे सीसी इंजिनाची ताकद सत्तर-ऐंशी अश्वशक्ती. हिची सुमारे १६०! दोन मोठे कार्ब्युरेटर, काही पत्रे हलक्या ॲल्युमिनियमचे. मोठ्या शर्यतीत उतरायचं तर तशा २०० गाड्या बनवाव्या लागत, असा नियम होता. तोही पाळला.

पश्चिमेकडच्या गाड्या हिच्याहून कितीतरी जोरदार होत्या, हे खरं. पण त्या भारी किमतीच्या. पूर्व युरोपातल्या साध्या चालकांना ही परवडे. तिचे सुटे भागही गावोगाव मिळत.

फियाट १२४ च्याच घराण्यातली प्रीमियर ११८ एनई १९८५ पासून मुंबईत कुर्ल्याला बनू लागली. तिचं इंजिन मात्र जपानी निस्सानचं होतं.

हंगेरीत हौशी लोक ती जुनी लाडा आजही रॅलीत पळवतात.