प्रभाग समित्या : नियुक्ती, अधिकार आणि वाराणसीचा संदर्भ

वाराणसी हे आधी मोहल्ल्यांचे शहर आहे आणि नंतर महानगरपालिकेचे. गल्लीच्या तोंडाशी फाटक, रात्री ते बंद करणारा चौकीदार आणि त्याचे वेतन वर्गणीतून देणारे रहिवासी, अशी व्यवस्था येथे पूर्वापार होती. तिला फाटकबंदी म्हणत. 1810 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या शासनाने त्या वर्षीच्या विनियम 15 अन्वये घरपट्टी लागू केली, तेव्हा शहराने डिसेंबर 1810 व जानेवारी 1811 मध्ये मोठा हरताळ पाळला. नागरिकांच्या अर्जातील युक्तिवादात फाटकबंदीचाही उल्लेख होता. मोहल्ल्याच्या राखणीचा व फाटकांच्या दुरुस्तीचा खर्च रहिवासी स्वतःच करतात, मग हा आणखी एक कर कशासाठी, असा त्याचा आशय होता. कर अखेर मागे घ्यावा लागला. पुढे टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी 1828-29 च्या सुमारास शहराची शिरगणती केली, तीही मोहल्लावार. त्यांच्या गणनेनुसार लोकसंख्या सुमारे 1 लाख 80 हजार भरली. घाटांलगत वसलेल्या महाराष्ट्रीय ब्राह्मणांची संख्या तीत लक्षणीय होती.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, शेजाराच्या पातळीवर कर, सेवा आणि निर्णय यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न नवा नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने त्याला प्रभाग समितीच्या रूपाने घटनात्मक उत्तर दिले. ते उत्तर किती पुरे पडते, हे मात्र तपासून पाहावे लागते.

घटनात्मक चौकट

1989 चे नगरपालिका विधेयक राज्यसभेत संमत होऊ शकले नाही. त्यानंतर 1992 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती झाली आणि ती 1 जून 1993 पासून अमलात आली. संविधानात भाग 9-अ समाविष्ट झाला आणि 18 विषयांची बारावी अनुसूची जोडली गेली. प्रभाग समित्यांचा अनुच्छेद 243 एस होय. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात एक किंवा अनेक प्रभाग मिळून समिती घटित केली जाईल, असे तो म्हणतो. समितीची रचना, तिचे क्षेत्र आणि जागा भरण्याची रीत ठरविण्याचा अधिकार राज्य विधानमंडळाकडे आहे. दोन गोष्टी मात्र संविधानानेच पक्क्या केल्या आहेत. समितीच्या क्षेत्रातील प्रभागांचे निर्वाचित प्रतिनिधी तिचे सदस्य असतातच. समिती एकाच प्रभागाची असेल, तर त्या प्रभागाचा प्रतिनिधी अध्यक्ष होतो. ती अनेक प्रभागांची असेल, तर त्या प्रतिनिधींपैकी एकाला समितीचे सदस्य अध्यक्ष म्हणून निवडतात.

परीक्षार्थींची येथे हमखास गफलत होते. प्रभाग समित्यांखेरीज इतर समित्याही स्थापन करण्याची मुभा याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडात आहे. अनुच्छेद 243 आर अन्वये ज्या समिती-अध्यक्षांना नगरपालिकेत प्रतिनिधित्व देता येते, ते या पाचव्या खंडाखालील समित्यांचे अध्यक्ष होत. प्रभाग समितीचा अध्यक्ष मुळातच निर्वाचित प्रतिनिधी असल्यामुळे त्याच्यासाठी वेगळ्या तरतुदीची गरजच नाही.

संविधानाने समिती दिली, पण तिची कामे सांगितली नाहीत. कामे व अधिकार राज्याच्या कायद्यातून यावयाचे आणि राज्याराज्यांतील फरक येथूनच सुरू होतो.

वाराणसीची रचना

उत्तर प्रदेशाच्या 1959 च्या अधिनियमाने कानपूर, आग्रा, वाराणसी, अलाहाबाद व लखनौ या पाच शहरांना नगर महापालिका मिळाल्या. 1994 मध्ये त्या अधिनियमात 74 व्या घटनादुरुस्तीनुसार बदल झाले आणि ‘नगर निगम’ हे नाव रूढ झाले. वाराणसीचा महापौर मतदारांकडून थेट निवडला जातो. मतदार एक मत महापौरासाठी आणि एक आपल्या प्रभागाच्या पार्षदासाठी देतो. पार्षदांमधून 12 सदस्यांची कार्यकारिणी समिती निवडली जाते. नगर प्रशासनाचा विशेष अनुभव असलेल्या व्यक्तींचे नामनिर्देशन राज्य शासन करते. अशा सदस्यांना सभेत मताधिकार नसतो. महाराष्ट्रात नामनिर्देशित सदस्यांची निवड महापालिकेचे सभागृह करते. हा फरक वरकरणी किरकोळ भासतो. परंतु नियुक्त झालेला माणूस कोणाचे ऋण मानणार, हे त्यावरूनच ठरते.

2011 च्या जनगणनेनुसार वाराणसी नगर निगमाची लोकसंख्या सुमारे 12 लाख होती आणि प्रभाग 90 होते, म्हणजे एका पार्षदामागे साधारण 13,300 नागरिक. त्याच जनगणनेची आकडेवारी घेतली, तर मुंबईत 227 नगरसेवकांमागे प्रत्येकी सुमारे 54,800 नागरिक येतात. रामनगर व भोवतालची गावे समाविष्ट झाल्यानंतर वाराणसीत मे 2023 ची निवडणूक 100 प्रभागांसाठी झाली. काशीचा पार्षद तुलनेने आपल्या मतदाराच्या जवळ आहे, असे म्हणता येईल. मात्र दहा प्रभागांची एक समिती कल्पिली, तर 2011 च्या हिशेबाने तिच्याखाली 1 लाख 33 हजार लोक येतात. एवढ्या लोकसंख्येचे स्वतंत्र गाव असते, तर त्याला स्वतःची नगरपालिका, अर्थसंकल्प आणि मुख्याधिकारी मिळाला असता.

प्रशासकीय विभागांची बाब वेगळी आहे. वरुणापार, आदमपूर, कोतवाली, दशाश्वमेध व भेलूपूर हे नगर निगमाचे परिचित विभाग असून तेथे विभागीय अधिकारी बसतात आणि करवसुलीही तेथूनच चालते. अधिकाऱ्याचा विभाग आणि निर्वाचितांची समिती यांच्या सीमा जुळल्या, तर समितीला जाब विचारण्यासाठी एक निश्चित अधिकारी समोर मिळतो. त्या जुळल्या नाहीत, तर प्रत्येक तक्रारीसाठी दोन-तीन कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात.

नियुक्त कोणाला करावे?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29-अ प्रमाणे समितीत संबंधित प्रभागांचे नगरसेवक व त्या क्षेत्राचा प्रभारी अधिकारी असतो. त्याशिवाय क्षेत्रात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त अशासकीय व समाजाधारित संस्थांच्या सदस्यांमधून कमाल तीन व्यक्ती नगरसेवक नामनिर्देशित करतात. या व्यक्ती त्या प्रभागांतील नोंदणीकृत मतदार असाव्या लागतात. कर्नाटकाने 2011 च्या दुरुस्तीने प्रत्येक प्रभागाला स्वतंत्र समिती दिली आणि दहा नामनिर्देशित सदस्यांत किमान तीन महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या दोन व्यक्ती आणि रहिवासी संघांचे दोन प्रतिनिधी असावेत, असे ठरविले. कोलकात्यात 144 प्रभाग 16 बरोंमध्ये विभागले असून बरो समिती नगरसेवकांचीच असते.

नामनिर्देशनाच्या बाजूने मुख्य युक्तिवाद माहितीचा आहे. गटार कोठे तुंबते, नळाला पाणी किती वाजता येते, हे तेथे राहणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते. अर्थशास्त्राच्या भाषेत स्थानिक माहिती मिळविण्याचा खर्च वरच्या यंत्रणेला परवडत नाही, म्हणून निर्णय खाली न्यावा. आक्षेपही तितकाच सबळ आहे. नगरसेवकच नाव सुचविणार असेल, तर ज्याला नगरसेवकाला अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे, त्याचे नाव यादीत येणे कठीण. रहिवासी संघांचे प्रतिनिधित्व हे बहुधा घरमालकांचे असते. भाडेकरू, विणकर, नावाडी व झोपडपट्टीतील कुटुंबे त्यातून निसटतात.

या बाबतीत दुसरे दोन नमुने अधिक बोलके आहेत. डिसेंबर 1997 मध्ये सुरू झालेल्या स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेत गरीब वस्तीतील महिलांचे शेजार गट, त्यांवर शेजार समिती आणि शहर पातळीवर समुदाय विकास संस्था अशी चढती रचना होती. पुढे 2013 मध्ये तिची जागा राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने घेतली. दुसरा नमुना 2014 च्या पथविक्रेता कायद्याचा. त्यातील नगर पथविक्रय समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावे लागतात व त्यांपैकी एक तृतीयांश महिला असतात. अध्यक्षपद आयुक्ताकडे असले, तरी विक्रेत्यांची जागा कोणाच्या मर्जीवर नाही. प्रभाग समितीच्या कायद्यांत हे तत्त्व क्वचितच दिसते.

पैसा आणि परिघाबाहेरची कामे

महाराष्ट्रातील समितीची वैधानिक कामे तीन : पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता, पर्जन्यजलाचा निचरा अशा सेवांविषयीच्या तक्रारींचे शीघ्र निवारण, अंदाजपत्रकातील आपल्या प्रभागांच्या तरतुदींवर आयुक्तांकडे जाण्यापूर्वी शिफारस, आणि अंदाजपत्रकात तरतूद असल्यास 5 लाख रुपयांपर्यंतच्या कामांना प्रशासकीय व वित्तीय मंजुरी. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याचा उपक्रम सुरू झाला, त्यात या शिफारशीच्या अधिकारालाच थोडा अर्थ मिळाला. परंतु रुपयात ठरविलेली मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. ती जितकी जुनी होते, तितके समितीच्या हाती येणारे काम लहान होत जाते.

वाराणसीत अडचण आणखी एका दिशेने येते. एखाद्या गल्लीत सांडपाणी उफाळून वर आले, असे समजा. दैनंदिन देखभाल नगर निगमाच्या जलकल विभागाकडे. मोठ्या वाहिन्यांची उभारणी राज्याच्या जल निगमाकडे. बांधकाम परवानगी व नियोजन 1974 मध्ये स्थापन झालेल्या विकास प्राधिकरणाकडे. 2016 मध्ये शहराची निवड स्मार्ट सिटी अभियानात झाली आणि त्यासाठी स्वतंत्र कंपनी आली. तिचे भांडवल राज्य व नगर निगम यांचे समसमान, परंतु निर्णय संचालक मंडळाचे. विश्वनाथ मंदिराच्या परिसरासाठी 2018 च्या कायद्याने आणखी एक विकास परिषद निर्माण झाली. या प्रत्येक संस्थेच्या स्थापनेमागे कारण आहे आणि काहींची कामे डोळ्यांना दिसतात. पण त्यांपैकी कोणतीही प्रभाग समितीला उत्तरदायी नाही. समितीने ठराव केला, तरी तो पोहोचवायचा कोणाकडे, हेच आधी ठरवावे लागते.

समितीचे अस्तित्व निर्वाचित सभागृहावर अवलंबून असते, हीही तिची एक मर्यादा आहे. मागासवर्ग आरक्षणाच्या वादामुळे उत्तर प्रदेशातील नागरी निवडणुका 2022 अखेरीस व्हावयाच्या त्या मे 2023 मध्ये झाल्या. महाराष्ट्रात मुंबई व पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार राहिला. अनुच्छेद 243 यू पाच वर्षांची मुदत आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घालतो. प्रशासकाच्या काळात सभागृहाचे अधिकार त्याच्याकडे जातात. प्रभाग समितीत बसण्यासाठी मात्र नगरसेवकच उरत नाही, आणि गल्लीतील तक्रार पुन्हा विभागीय कार्यालयाच्या आवक नोंदवहीत जाते.