कुत्रं चावलं तर साबण का?

मित्रांनो, कुत्रं चावल्यावर जखम साबणाने का धुवायची, ते मी सांगतो.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. आत आरएनएचा धागा, त्याभोवती प्रथिने आणि वरून चरबीचे पातळ आवरण. आवरणावर बारीक खुंट्या असतात. खुंट्यांनी तो पेशीला चिकटतो व आत शिरतो. त्याला एकट्याने वाढता येत नाही. म्हणून पेशीकडूनच तो नवे विषाणू करवून घेतो. पाहुण्यानं घरधन्यालाच राबवावं, तसं! पुढे मज्जातंतूंतून तो मेंदूकडे जातो. रोगाची लक्षणे दिसल्यावर रोगी बहुधा वाचत नाही.

पण साबणाने चरबीचे आवरण फुटते! म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे साबणाने धुवा. चुना, मिरची लावू नका. लगेच दवाखाना गाठा. विषाणू मेंदूत पोचण्याआधी लस शरीराला तयार करते. १८८५ साली लुई पाश्चर यांनी ९ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला अशीच लस दिली आणि तो वाचला.

आई-वडिलांना माझी विनंती, आता पोटात चौदा इंजेक्शनं देत नाहीत, दंडात देतात. सगळे डोस पुरे करा. आणि मित्रांनो, साधा ओरखडा असला तरी घरी लपवू नका.