जुना स्पेअर, परदेशी पत्ता: नागपूरहून पाठवायला काय पडते

फियाटचा जुना बंपर काट्यावर दहा किलोंच्या आतच भरतो. पण कुरिअरवाला काट्याआधी टेप काढतो. खोका १६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच असेल तर तिन्हींचा गुणाकार करून तो ५००० ने भागतो. येतात ५१.२, म्हणजे वरचा पूर्ण किलो धरून ५२. हिशेबापुरता किलोला ७०० रुपये दर धरा. झाले ३६,४०० रुपये. तोच बंपर वरचे गार्ड खोलून १५५ × ३० × २० च्या खोक्यात बसवला तर १८.६, म्हणजे १९ किलो आणि १३,३०० रुपये. फरक २३,१०० रुपयांचा, आणि तो सगळा खोक्यातल्या रिकाम्या जागेचा. प्रत्यक्ष वजन आणि हे मापाचे वजन, यात जे जास्त त्याचे पैसे लागतात. विमानाच्या साध्या कार्गोत बहुधा ५००० ऐवजी ६००० ने भागतात, म्हणून मोठ्या पण हलक्या वस्तूला तो मार्ग स्वस्त पडतो. खोक्याची एक बाजू फार लांब असेल तर कुरिअर वेगळा अधिभार लावते, तोही आधीच विचारून घ्या.

मी हे शिकलो ते मेलबर्नच्या भाच्यामुळे. त्याने तिकडे एक जुनी फियाट ११०० उभी केली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ पासून ११०० डिलाइट निघू लागली आणि तीच पुढे पद्मिनी झाली. त्यामुळे तिकडे न मिळणारे भाग आपल्याकडच्या कबाड्यात अजून सापडतात. जीपचेही तसेच. परदेशातल्या नातलगांकडून अशी मागणी आली की आपण आधी कबाड्यात धावतो, भाव करतो, वस्तू घरी आणतो आणि मग पाठवायचे कसे ते विचारतो. क्रम उलटा हवा. आधी खोक्याचे माप, मग कागद, आणि शेवटी खरेदी.

त्याआधी उलट दिशेचे सांगतो, कारण विचारणा तिचीच जास्त होते. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, तिथला जुन्या स्पेअरचा बाजार नावाजलेला आहे, मग महागड्या गाडीचा भाग तिथून का मागवू नये? कारण कायदा. २०२३ च्या परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेला माल ‘प्रतिबंधित’ यादीत आहे. तो आणायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा परवाना लागतो. घरच्या गाडीचा वापरलेला गिअरबॉक्स भांडवली यंत्रसामग्रीत बसत नाही. परवान्याशिवाय आला तर कस्टम्स माल जप्त करू शकते. सोडवायचा तर दंड, वर शास्ती, आणि तोवर गोदामाचे भाडे चालूच. ‘भेट म्हणून पाठवा’ हा सल्लाही ऐकू नका. डिसेंबर २०१९ पासून करमाफ भेटीची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधे एवढ्यापुरतीच उरली आहे. एका स्पेअरसाठी परवान्याच्या मागे लागणे परवडत नाही, हे माझे स्पष्ट मत.

मग नवा भाग मागवला तर? हिशेब करून पाहू. क्लच असेंब्ली ४०,००० रुपयांची, विमानभाडे १२,०००. इथे एक नियम आपल्या बाजूचा आहे. माल विमानाने आला तर कर मोजताना भाडे मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. म्हणजे १२,००० ऐवजी ८,००० धरायचे. विम्याची पावती नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ४५० रुपये. करपात्र किंमत झाली ४८,४५०. त्यावर १५ टक्के मूळ सीमाशुल्क ७,२६८ आणि त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार ७२७. या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, १०,१६० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी हाच दर २८ टक्के होता. एकूण कर १८,१५५ रुपयांच्या घरात. चाळीस हजारांची वस्तू घरी येईतो सत्तर हजारांच्या पुढे गेली, आणि कुरिअर किंवा एजंटचा आकार अजून वेगळाच. हा आकडा हाती ठेवून इथल्या अधिकृत विक्रेत्याचा भाव विचारा. पुष्कळदा तोच बरा वाटतो.

आता बाहेर पाठवायचे. घरगुती वापरासाठी, व्यापाराशी संबंध नसताना पाठवत असाल तर आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी लागत नाही. विकत असाल तर हवाच. फी ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि डीजीएफटीचे विभागीय कार्यालय नागपुरातच आहे. जीएसटीत नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे हमीपत्र भरून ठेवा, म्हणजे निर्यातीवर आधी कर भरून मग परताव्याची वाट पाहावी लागत नाही. कबाड्याकडून बिल मागायला संकोच करू नका. इंजिन घेत असाल तर ब्लॉकवरचा नंबर आणि ती गाडी एमएच-३१ ची असो, ४९ ची असो की ४० ची, तिच्या आरसीवरचा नंबर जुळवून बघा. जुळत नसेल तर कितीही स्वस्त असले तरी हात लावू नका. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

माझी पहिली खेप परत आली ती वासामुळे. सोलेक्स कार्बोरेटर होता. रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासला, साबणाच्या पाण्याने धुतला, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर दोन दिवस वाळवला. बाहेरून आरशासारखा. पार्सल घेणाऱ्या मुलाने खोका नाकाशी नेला आणि मान हलवली. फ्लोट चेंबरच्या गास्केटमध्ये पेट्रोल मुरले होते. पूर्ण खोलून गास्केट फेकले तेव्हा कुठे वास गेला. विमानात पेट्रोलचा अंश असलेली वस्तू धोकादायक माल ठरते. पेट्रोलची टाकी, तेल न काढलेले इंजिन, अॅसिडची बॅटरी, एअरबॅग, गॅस भरलेले शॉक अब्सॉर्बर हे सगळे त्याच वर्गात येतात आणि त्यांचे पॅकिंग व कागदपत्रे वेगळी. एअरबॅग किंवा बॅटरी एकटी पाठवायच्या भानगडीत घरच्या माणसाने पडूच नये.

ऑस्ट्रेलियासाठी आणखी एक गोष्ट, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. तिथे ३१ डिसेंबर २००३ पासून अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. जुन्या ब्रेक शूचे अस्तर, क्लच प्लेट, हेड गास्केट यांत ते असू शकते. सीमेवर संशय आला तर माल अडकतो आणि तपासणीचा खर्च मागवणाऱ्याच्या माथी येतो. भाच्याने ब्रेक शू मागितले होते. मी नुसते लोखंडी सांगाडे पाठवले, अस्तर त्याने तिकडे बसवून घेतले. मातीचेही तसेच. मडगार्डच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचा चिखल धरलेला असतो, तो प्रेशरच्या पाण्याने काढल्याशिवाय पाठवू नका. लाकडी पेटी वापरणार असाल तर उष्णता दिलेलीच हवी. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेला आणि पेटीवर ‘एचटी’ शिक्का. सुताराने शेजारच्या फळ्यांची ठोकून दिलेली पेटी चालत नाही.

दरवाजा, बॉनेट, मडगार्ड असा मोठा माल एकत्र असेल तर जहाजच. इथे हिशेब घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर, आणि कमीत कमी एक घनमीटर धरतात. म्हणून पेटीत जागा उरली तर तीही भरा, पैसे तेवढेच पडतात. नागपूरहून माल रस्त्याने मुंबईला जातो आणि तिथे इतरांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये भरला जातो. अख्खा कंटेनर भरणाऱ्यांसाठी इथलाच कंटेनर डेपो आहे, पण ते व्यापाऱ्यांचे काम. समुद्राच्या दमट हवेत लोखंड गंजते, म्हणून ग्रीसचा हात द्या, गंजरोधक कागदात गुंडाळा आणि वर जाड प्लास्टिक.

जहाजाच्या दरातली खरी मेख पलीकडच्या बंदरात असते. आम्हाला एका एजंटने भाडे इतके कमी सांगितले की मी दुसरीकडे विचारलेच नाही. मेलबर्नला माल उतरला आणि कंटेनर उघडणे, गोदाम, कागद सोडवणे अशा नावांखाली भाच्याला मूळ भाड्याहून मोठे बिल आले. फसवणूक नव्हती, करारात सगळे होते, फक्त आम्ही विचारले नव्हते. तेव्हा दर मागताना ‘घरापासून घरापर्यंत, तिकडचे सगळे आकार धरून’ असे लेखी मागा.

तिकडचा करही घेणाऱ्याला आधीच कळवा. ऑस्ट्रेलियात माल १००० डॉलरच्या वर गेला की रीतसर जाहीरनामा आणि १० टक्के जीएसटी. ब्रिटनमध्ये व्हॅट २० टक्के, घरगुती भेटीला ३९ पौंडांपर्यंत सूट. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली, त्यामुळे विकलेला लहानसा नॉबही करात येतो. वस्तू वापरलेली आहे हे बिलावर लिहा, खरी किंमत लिहा आणि कबाड्याच्या बिलाची प्रत खोक्याच्या आतही टाका.

कार्बोरेटर अखेर दुसऱ्या खेपेला गेला. खोका २५ × २० × २०, मापाने बरोबर दोन किलो. काट्यावर भरला २.३. एवढ्या हलक्या खोक्याला पूर्ण किलोऐवजी वरचा अर्धा किलो धरतात, म्हणून पैसे अडीच किलोंचे लागले.