वाळूतला फड

वैशाखातील दिवस होते. साक्री गावाजवळून वाहणारी कान नदी आटून गेली होती. पात्रात पांढरी वाळू पसरली होती आणि काठावरचे निंब तेवढे हिरवेगार दिसत होते. अखाजी दोन दिवसांवर आली होती. अक्षय्य तृतीयेला खानदेशात अखाजी म्हणतात आणि तेथे या सणाचा मान फार मोठा. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि अहिराणी गाणी गात उंच उंच झोके घेतात. सालदाराचे नवे सालही याच दिवसापासून सुरू होते.

आबांची लेकही सुरतेहून माहेरी आली. नवापूर मागे टाकून आणि कोंडाईबारीचा घाट चढून एस.टी. साक्रीला पोहोचली, तेव्हा ऊन कलले होते. लेकीबरोबर तिची दोन मुले होती. मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची. घरी आबांचा अकरा वर्षांचा नातू होताच. तेव्हा घरात थोरला, मधला आणि धाकटी अशी तीन नातवंडे झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरला कंटाळला. तो म्हणाला, “आबा, येथे दिवसभर करायचे तरी काय?”

आबा हसून म्हणाले, “ते तुम्ही शोधा. लागेल ते मी देईन.”

त्यांनी बाभळीची एक वाळलेली फांदी आणि कोयता आणला. वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती अशी विटी कशी तासावी, हे त्यांनी एकदा दाखविले. मग कोयता थोरल्याच्या हाती देऊन ते शेजारी बसले. त्याची पहिली विटी वाकडी झाली, दुसरी फुटली. तिसरी मात्र अशी उडाली, की ती शोधायला मधल्याला शेजारच्या अंगणात जावे लागले.

घरात आजीचे उडदाचे पापड चालले होते. धाकटीने एक लाटी लाटली आणि तीन लाट्या खाल्ल्या. तिचा पापड एखाद्या नकाशासारखा झाला. तरी आजीने तोही इतर पापडांबरोबर उन्हात घातला. रात्री सारी मंडळी धाब्यावर निजली. आबांनी आकाशातील सप्तर्षी दाखविले. त्यांतील पुढच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा पाचपट वाढविली, की ध्रुव सापडतो. मुलांनी तो आपल्या बोटांनी मोजून शोधला आणि मगच ती झोपी गेली.

अखाजीच्या दिवशी आजीने नव्या घागरीत पाणी भरले. घागरीच्या तोंडावर डांगर ठेवले आणि पूर्वजांचे स्मरण करून तिची पूजा केली. धाकटीने विचारले, “आजी, पूर्वजांना पाणीच का द्यायचे?”

आजी म्हणाली, “त्यांनी आपल्याला काय दिले, ते तुझ्या आबांना विचार.”

आबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. आमरस-पुरणपोळीचे जेवण झाले. ऊन उतरल्यावर त्यांनी खांद्यावर फावडे टाकले, एक बादली घेतली आणि ते मुलांना नदीवर घेऊन गेले.

पात्रातील एका सखल जागी त्यांनी मुलांकडून वाळू उकरविली. हातभर खोल गेल्यावर वाळू ओली लागली. आणखी थोडे उकरताच तळाशी पाणी झिरपू लागले. मुलांना मोठी गंमत वाटली. आबा म्हणाले, “नदी आटली असे आपण म्हणतो, पण ती वाळूखाली असते. आता या झिऱ्याच्या पाण्यावर तुम्ही शेती करा.”

मुले हरखून गेली. त्यांनी काठावरची चिकणमाती आणली आणि वाळूत एक लांब पाट आखला. पाणी मुरून जाऊ नये म्हणून पाटाला आतून माती थापली. मग प्रत्येकाने पाटाच्या कडेला आपापले शेत केले. थोरल्याने पाटाच्या तोंडाशी जागा घेतली. मधल्याने मधली घेतली. धाकटीच्या वाट्याला शेवटची जागा आली. तिने आपल्या शेतात निंबाचे कोवळे डहाळे ओळीने लावले आणि ते पीक म्हणून त्याला कुंपणही घातले.

मधल्याने झिऱ्यातून बादली भरून पाटात ओतली. ते सारे पाणी थोरल्याच्या शेतात गेले. “माझे शेत भरले, की पुढे सोडीन,” तो म्हणाला. परंतु वाळूचे पोट कधी भरत नाही. दुसरी बादलीही तेथेच मुरली. तिसरीतले थोडे पाणी मधल्याला मिळाले. चौथी बादली भरता भरता झिऱ्याचा तळ दिसू लागला. धाकटीच्या शेतात एक थेंबही पोहोचला नाही. तिने वाट पाहिली, विनवणी केली. शेवटी रागाने ती उठली आणि तिने थोरल्याचा बांध पायाने फोडून टाकला. पाटातले उरलेसुरले पाणी वाळूत वाहून गेले. आता कोणाचेच शेत उरले नाही. उरले ते भांडण!

“आबा, बांध हिने फोडला!” थोरला ओरडला.

“तिने फोडला हे खरे,” आबा शांतपणे म्हणाले. “पण ती शेवटच्या शेतावर आणि तू पहिल्या शेतावर. तिची जागा तुला दिली असती, तर तू किती वेळ वाट पाहिली असतीस?”

थोरला खाली पाहू लागला.

आबांनी फावड्याने तिन्ही शेते मोडली. मग वाळूवर नवे तीन चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात तीन तीन पट्ट्या पाडल्या. ते म्हणाले, “हा एकेक चौकोन म्हणजे एकेक फड. प्रत्येक फडात तुम्हां तिघांचीही एकेक पट्टी आहे. एका फडात एकच पीक. पाणी द्यायचे ते फडाला. एकट्यादुकट्याच्या शेताला नाही. आणि पाणी कोणी सोडायचे? ज्याचे शेत आहे, त्याने नव्हे. त्यासाठी पाटकरी हवा.”

पाटकरी कोणाला करावे, यावर मुलांनी बराच खल केला. शेवटी धाकटीला पाटकरी केले; कारण कोरड्या शेताचे दुःख तिला ठाऊक होते.

तोवर झिऱ्यात पुन्हा पाणी जमले होते. आबा म्हणाले, “या साली पाऊस कमी आहे. दोनच बादल्या मिळतील. तीन फड भिजणार नाहीत. काय करायचे?”

मुले विचारात पडली. मधला म्हणाला, “तिन्ही फडांना थोडे थोडे देऊ.”

“मग तिन्ही फडांतले पीक अर्धवट वाळेल,” आबा म्हणाले.

थोरला बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहत होता. एकाएकी तो म्हणाला, “एक फड पडीक ठेवू! त्यात आमची तिघांचीही एकेक पट्टी आहे. प्रत्येकाचे एका पट्टीचे नुकसान होईल. पण कोणाचेही सारे पीक जाणार नाही.”

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “अरे, हेच तर आपल्या वाडवडिलांनी शोधून काढले होते. उद्या तुम्हांला खरा फड दाखवितो.”

पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते. कान नदी तिलाच मिळते. पुढे धुळ्यावरून वाहत जाऊन पांझरा तापीला मिळते. या नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. त्यांचे पाणी पाटाने शेतांकडे नेतात. पाटातून चाऱ्या निघतात आणि चाऱ्यांतून बारे. अशा रीतीने शेते भिजविण्याची ही फड पद्धती तीन-चारशे वर्षांची जुनी मानली जाते. पाणी वाटण्याचे नियम गावकरी स्वतःच ठरवीत. त्यांचे पंच असत. पाटावर लक्ष ठेवायला पाटकरी, शेतांना पाणी द्यायला बारेकरी आणि पिके राखायला जागल्या असे. जो नियम मोडी, त्याला दंड होई.

आबांचे वडिलोपार्जित शेत पांझरेच्या काठी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले आबांबरोबर तेथील जुन्या बंधाऱ्यावर गेली. शेवाळाने काळवंडलेल्या दगडांवर आबा बसले. त्यांनी बोटाने एका फडाचे टोक दाखविले आणि ते सांगू लागले :

“१९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा मी वीस-बावीस वर्षांचा होतो. पाटाला मनगटाएवढी धार उरली होती. आमचा गहू पिवळा पडत चालला होता. एके रात्री पाटकऱ्याची फेरी होऊन गेल्यावर मी हळूच आमच्या शेताकडच्या बाऱ्याचे तोंड फोडले. रात्रभर पाणी घेतले. पहाटे तोंड पुन्हा बुजविले. त्या टोकाला एका म्हाताऱ्याचे शेत होते. त्याची पाळी आली, तेव्हा पाट कोरडा होता. त्याच्या ओंब्यांत दाणा भरला नाही.”

“मग पंचांनी तुम्हांला पकडले?” मधल्याने विचारले.

“नाही. कोणालाच कळले नव्हते. कळले ते माझ्या वडिलांना. माझ्या पायांना लागलेल्या चिखलावरून. त्यांनीच मला पंचांपुढे उभे केले. दंड भरला. मळणी झाल्यावर आमच्या लहानशा राशीतून एक पोते त्यांनी वेगळे काढले आणि ते माझ्या डोक्यावर देऊन मला त्या म्हाताऱ्याच्या घरी पाठविले.”

“तो फार रागावला असेल,” धाकटी हळूच म्हणाली.

“मलाही तसेच वाटले होते. त्याने पोते उतरविले. माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘उन्हातून आलास. बस, पाणी पी.’ त्याने आपल्या हाताने मला तांब्या भरून दिला.” आबा क्षणभर थांबले. “पोर हो, दंडाची रक्कम मी केव्हाच विसरलो. तो तांब्या मात्र अजून आठवतो.”

कोणी काही बोलले नाही. बंधाऱ्यामागे साचलेल्या थोड्याशा पाण्यावर एक बगळा उतरला.

थोड्या वेळाने थोरल्याने विचारले, “आता सारे फड असेच चालतात का?”

“पुष्कळ ठिकाणी नाही,” आबा म्हणाले. “वरच्या अंगाला पिंपळनेरजवळ लाटीपाड्याचे धरण झाले. शेतोशेती विहिरी झाल्या, त्यांवर मोटारी बसल्या. ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या हाती आले. मग पाटाची वाट कोण पाहणार? फडांची शिस्त सैल झाली.”

मधला म्हणाला, “पण आबा, विहिरी निराळ्या असल्या, तरी जमिनीखालचे पाणी तर एकच असते ना? काल आपण एक झिरा उकरला. शेजारी दुसरा उकरला असता, तर पहिल्यातले पाणी कमी झाले असते.”

आबा त्याच्याकडे पाहतच राहिले. “मला हे समजायला पन्नास वर्षे लागली,” ते म्हणाले.

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत मुलांनी रोज संध्याकाळी वाळूत फड मांडला. कधी तिघांचे शेत, तर कधी आळीतील मुले मिळून दहाजणांचे. पाटकरी दर दिवशी बदले. एकदा वळवाची सर आली आणि सारे फड मोडून गेले; मुलांनी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मांडले. आबा काठावर निंबाच्या सावलीत बसत. आता भांडण मिटविण्यासाठी त्यांना उठावे लागत नसे.

शेवटी सुरतेला परत जाण्याचा दिवस उजाडला. आजीने पापडांचा डबा बांधून दिला. त्यात तो नकाशासारखा पापडही होता. आबा आणि मधला त्यांना पोहोचवायला एस.टी. स्थानकावर आले. गाडीत खिडकीजवळची एकच जागा रिकामी होती. थोरला सवयीप्रमाणे पुढे धावला आणि जाऊन तेथे बसला. मग काय वाटले कोणास ठाऊक, तो उठला आणि धाकटीला म्हणाला, “आधी तू बस. नवापूरपर्यंत तुझी पाळी, पुढे माझी.”

धाकटी खिडकीजवळ बसली आणि ऐटीत म्हणाली, “आज पाटकरी मीच आहे. पाळी मी ठरविणार!”

खाली उभे असलेले आबा मोठ्याने हसले. गाडी हलली. धूळ खाली बसेपर्यंत ते आणि मधला तेथेच उभे होते. मग मधल्याने आबांचा हात धरला आणि दोघे नदीच्या वाटेला लागले.

स्वाध्याय

१. अखाजीचा सण खानदेशात कसा साजरा होतो, ते पाठाच्या आधारे लिहा.
२. वाळूतील पहिला खेळ का मोडला? चूक कोणाची होती, असे तुम्हांला वाटते? कारणे द्या.
३. फडात प्रत्येकाची पट्टी ठेवल्याने कोणता लाभ होतो? पाऊस कमी झाल्यास एक फड पडीक का ठेवीत?
४. ‘तो तांब्या मात्र अजून आठवतो,’ असे आबा का म्हणाले?
५. ‘वाळूचे पोट कधी भरत नाही,’ या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?
६. उपक्रम : तुमच्या गावात पूर्वी पाणी कसे वाटून घेत, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती पंधरा ओळींत लिहून वर्गात वाचून दाखवा.