डग्गा घुमतो, गाणं हरवतं

प्रश्न : आमच्या 14 बाय 11 फुटांच्या हॉलमध्ये मोठे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर आणले. सोफा मागच्या 11 फुटी भिंतीला टेकलेला आहे. डग्गा नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत. ॲम्प्लिफायर बदलू का?

उत्तर : अजिबात नको, पैसे वाचवा. हा खोलीचा गुण आहे. 14 फुटांच्या लांबीत 40 आणि 80 हर्ट्झच्या आसपासचे सूर समोरासमोरच्या भिंतींत अडकून फुगतात. भिंतीलगत सर्वांत जास्त, आणि नेमके तिथेच तुमचे कान आहेत. सोफा पुढे ओढा, कान भिंतीपासून साडेतीन फुटांवर येऊ द्या. 80 हर्ट्झचा फुगवटा तिथे जवळजवळ नाहीसा होतो. घरचे कुरकुरतील, पण एक संध्याकाळ ऐकवून बघाच.

मग स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. एकच ओळखीची मैफल लावून चार-चार बोटं सरकवत जा, प्रत्येक जागेवर फरशीला कागदी चिकटपट्टी लावा. मी असे दोन रविवार घालवले आहेत. गायिकेचा श्वास मधोमध ऐकू आला, तेव्हाच थांबलो. स्पीकरच्या मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असेल तर त्यात गुंडाळलेला मोजा घालून पाहा. पडद्यांवर मात्र भिस्त ठेवू नका, खर्ज त्यातून आरपार जातो.